ड्रॉवरमधला तिसरा परीक्षक

मित्रांनो, तळेगाव दाभाड्याच्या एका अध्यापक महाविद्यालयात, अनघा मॅडमच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये मी राहतो. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेलेला आहे. आवाज वाढवायचे बटण आत रुतून बसले आहे. चार्जरची पिन एका ठरावीक कोनात धरली तरच वीज आत येते. मी एक जुना मोबाईल आहे. पण मला भंगार म्हणण्याआधी माझी हकीकत ऐका. एके काळी या महाविद्यालयात माझ्यावर उघडल्याशिवाय कोणाही शिक्षकाचा प्रकल्प पास होत नसे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. निळ्या टोप्या घातलेल्या मुली सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसत. एकीने मला कॅमेरा बसवला, दुसरीने काच. काच बसवणारीने मला दिव्याखाली तिरके धरून पाहिले आणि पुढे सरकवले. ती माझ्या आयुष्यातली पहिली परीक्षा. तिच्यात मी पास झालो, म्हणूनच मला खोक्यात जागा मिळाली.

माझा पहिला मालक अमृत. तो लोणावळ्यात पर्यटकांची जीप चालवायचा. दिवसभर मी त्याच्यासमोर स्टॅंडवर उभा असे. रस्ता दाखवायचो, गाणी लावायचो, आणि दरीच्या कठड्यापाशी पाहुण्यांचे फोटो काढायचो. "भाऊ, अजून एक, मागचं धुकं येऊ द्या," असे म्हणत लोक अमृतला हैराण करीत. फोटो पाहून मात्र "कॅमेरा भारी आहे हं" म्हणत. ती शाबासकी मी अमृतची न समजता माझीच समजत असे. एकदा एका माकडाने मला जीपच्या बॉनेटवरून उचलले, चावून पाहिले, आणि चव आवडली नाही म्हणून खडकावर टाकले. माझ्या काचेचा तडा तेव्हाचा.

तडा गेलेल्या मोबाईलने पाहुण्यांचे फोटो काढणे बरे दिसत नाही. अमृतने नवा घेतला. मी जीपच्या खणात पडलो, चिक्कीचे कागद आणि जुन्या पावत्या यांच्या संगतीत. पुढे तो कुटुंबासह वराळ्याच्या एका सोसायटीत राहायला गेला. तिथे एक दिवस महाविद्यालयाची मुले टाकाऊ विजेच्या वस्तू गोळा करीत आली आणि मी त्यांच्या खोक्यात गेलो. तुटलेली इस्त्री, मुका रेडिओ आणि गुंता झालेले चार्जर असा आमचा संसार होता. आम्हाला कोणी हात लावत नव्हते. मीही आशा सोडून दिली होती.

अनघा मॅडमनी मला त्या खोक्यातून उचलले. त्या महाविद्यालयात शिक्षकांचा एक अभ्यासक्रम चालवतात. नोकरी करणारे शिक्षक सुट्टीच्या दिवशी तिथे येतात. शेवटचा प्रकल्प म्हणून प्रत्येकाने आपल्या कामाची एक वेबसाइट तयार करायची असते. आपण काय शिकवतो, कसे शिकवतो, मुलांनी काय केले, हे सगळे तिथे मांडायचे. तिची मांडणी आणि मजकूर दोन परीक्षक तपासतात. मॅडमच्या एका हुशार विद्यार्थिनीच्या वेबसाइटला मोठे कौतुक मिळाले होते. मग मॅडम तिच्या शाळेत गेल्या तेव्हा कळले की ती वेबसाइट एकाही पालकाच्या मोबाईलवर उघडत नाही. परतल्यावर त्यांनी खोक्यातले सगळे मोबाईल लावून पाहिले. सगळ्यात हळू मी होतो. त्यांनी मलाच निवडले. आयुष्यात प्रथमच माझ्या मंदपणाचे कोणी चीज केले.

तेव्हापासून एक रीत सुरू झाली. प्रत्येक शिक्षकाने परीक्षेच्या दिवशी आपल्या शाळेतला एक पालक सोबत आणायचा. त्या पालकाने मला हातात घेऊन ती वेबसाइट उघडायची. तोवर शिक्षकाने बोलायचे नाही, खूण करायची नाही, बोट पुढे करायचे नाही. हे शिक्षकांना फार जड जाई. एक गुरुजी तर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले होते. कितीतरी सुंदर पाने माझ्या तड्यापाशी येऊन अडकली. काही शिक्षक मला मनातल्या मनात शिव्या देत असतील. मी काय करणार? मला जमले तेवढेच मी दाखवत होतो.

आता ज्या दिवसामुळे माझे आयुष्य बदलले त्याविषयी सांगतो.

एप्रिल महिना होता. पुण्याहून पवन सर दुसरे परीक्षक म्हणून आले होते. मला पाहताच ते म्हणाले, "मॅडम, याला आता पेन्शन द्या की."

"अजून काम करतोय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या लॅपटॉपइतके लाड नाही लागत त्याला."

त्या दिवशी सारिकाबाईंची पाळी होती. त्या वराळ्याहून रोज कार्ल्याच्या पुढे एका खाजगी संस्थेच्या शाळेत जात आणि गणित शिकवत. नेमणूक हंगामी होती. जूनच्या आधी या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणून दिले तर त्यांना कायम करायचे, नाही तर जागेवर दुसऱ्या बाई आणायच्या, असे संस्थेने कळवले होते. या खेपेला प्रकल्प परत आला तर पुढची परीक्षा थेट दिवाळीनंतर होती. बाईंच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीची सारखी उघडझाप होत होती.

त्यांच्यासोबत हौशीराम आले होते. कार्ल्याजवळ त्यांची भाताची खाचरे आहेत. मुलगी चैताली सारिकाबाईंच्या वर्गात सहावीत शिकते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते खुर्चीच्या काठावर बसले होते, जणू खुर्ची कोणी परत मागेल.

आधी पवन सरांनी वेबसाइट भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पाहिली. सगळ्यात वर 'सुस्वागतम'. खाली फेटा बांधलेले संस्थेचे सचिव श्रीपतीआबा. मग अध्यक्ष, मग मुख्याध्यापक, मग दीपप्रज्वलन, मग शाल आणि नारळ देऊन केलेले सत्कार, एकामागून एक.

"रंग चांगले निवडलेत. अक्षरंही वाचता येतात," पवन सर म्हणाले. "पण बाई, तुमचं शिकवणं कुठे आहे?"

"आभारानंतर आहे, सर."

"आभारानंतर?"

"आमच्याकडे कार्यक्रमाचा क्रम असाच असतो, सर."

पवन सरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिले. मॅडमनी मला ड्रॉवरमधून काढले आणि हौशीरामांच्या हातात दिले. त्यांचा हात शेतकऱ्याचा, खरबरीत. पण त्यांनी मला अंडे धरावे तसे धरले.

"उघडा भाऊ," मॅडम म्हणाल्या.

हौशीरामांनी दाबले. मी सगळा जोर लावला. माझा पडदा पांढरा झाला आणि मधोमध एक गोल फिरू लागला. श्रीपतीआबांचा फेटा एवढा जड होता की तो काही माझ्याच्याने आत ओढवेना. सारिकाबाई नियमाप्रमाणे भिंतीकडे पाहत होत्या.

"उघडलं का?" मॅडमनी विचारले.

हौशीरामांनी बाईंच्या पाठीकडे एकदा पाहिले. "व्हय की. लय झ्याक हाय."

"काय दिसतंय?"

"गोल हाय. फिरतंय बगा, थांबतच न्हाई. बाईंनी मेहनत लय घेतलीया."

"आणि?"

"बाकी समदं पांढरंशुभ्र. एकदम निर्मळ."

पवन सरांनी तोंडावर रुमाल धरला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचलले, तेवढ्यात सारिकाबाई वळल्या.

"मॅडम, नियम मोडतेय मी. ते उघडलेलं नाही. भाऊ माझ्यासाठी बोलतायत."

"बाई, तुमी गप ऱ्हायचं ना," हौशीराम हळूच म्हणाले. "झालं असतं की."

"नसतं झालं, भाऊ. तुमच्या घरी पण हे असंच फिरत राहिलं असतं."

मित्रांनो, मी पुष्कळ शिक्षक पाहिले. माझ्यावर खापर फोडणारे पाहिले, नेटवर्कला दोष देणारे पाहिले. पालकाने हातात आणून दिलेला पास परत करणाऱ्या बाई मी पहिल्यांदाच पाहिल्या.

मॅडमनी पेन खाली ठेवले. "फोटो केवढे ठेवलेत, बाई?"

"काढले तसेच आहेत. बारीक कसे करायचे? हेडसरांनी बजावलं होतं, आबांचा फोटो लहान झाला तर त्यांना अपमान वाटेल."

"अहो, पडद्यावर तो तेवढाच मोठा दिसतो. फक्त त्याच्या फाइलचं वजन उतरतं. आबांना पत्तासुद्धा लागायचा नाही."

एवढी साधी गोष्ट आपल्याला कोणी कशी सांगितली नाही, असे सारिकाबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. पण त्यांचे तरी काय चुकले? पाहुण्याला मोठा मान द्यायचा आणि शेवटी बसायचे ते आपण, हेच त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. तेच त्यांनी वेबसाइटवर केले.

"प्रत्येकाला एक फेरसंधी असते," मॅडम म्हणाल्या. "जेवणानंतर पुन्हा बघू. त्यात नाही उघडलं तर मात्र मी लिहीन ते लिहीन."

जेवणाच्या सुट्टीत संगणक कक्षात फक्त आम्ही तिघे होतो. सारिकाबाई संगणकापुढे बसल्या. मला चार्जरला लावले होते, पण पिन सारखी निसटत होती. हौशीरामांनी चार-दोनदा बसवून पाहिली, मग अंगठ्याने दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने भाकरी खाऊ लागले. जेवण संपले तरी अंगठा हलला नाही.

बाईंनी सगळ्या फोटोंचे वजन उतरवले. मग त्यांचा हात थांबला. पान आता उघडले असते. पण क्रम तोच होता, आबा वर आणि गणित तळाला. त्यांनी मुख्याध्यापकांना फोन लावला. तिकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"क्रमाला हात लावायचा नाही. आबा पहिल्याच पानावर पाहिजेत. जूनचं तुमचं तुम्ही बघा मग."

"हो सर," म्हणून बाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी विचारले, "भाऊ, तुम्ही घरी बसून हे उघडलं, तर आधी काय बघाल?"

"खरं सांगू का?"

"खरंच सांगा. सकाळसारखं नको."

"आमची चैताली कुटं हाय ते."

"आणि आबा?"

"आबांस्नी रोज बघतो की चावडीवर. बसतील की मागं एक दिस. आता काय इलेक्शन हाय व्हय?"

सारिकाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी श्रीपतीआबा, अध्यक्ष, मुख्याध्यापक, समया, शाली आणि नारळ सगळे उचलून 'कार्यक्रम' नावाच्या वेगळ्या पानावर नीट मांडले. पहिल्या पानावर एकच फोटो राहिला. भाताच्या खाचरात दोरी धरून उभी असलेली मुले, पाठमोरी. खाली एक लहानसे बटण, ऐकण्यासाठी. ते करताना बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. आपण काय पणाला लावतो आहोत ते त्यांना पुरेपूर माहीत होते.

दुपारी पुन्हा सगळे जमले. माझ्यात चार्जिंग जेमतेम होते. अंगठ्याने धरून भरलेली वीज ती, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा?

हौशीरामांनी दाबले. गोल फिरला, आणि थांबला. फोटो वरून खाली हळूहळू उमटत गेला. आधी डोंगर, मग खाचर, मग मुलांच्या पाठी.

"ही आमची," हौशीराम म्हणाले. तड्याच्या बरोबर खाली असलेल्या एका वेणीवर त्यांनी बोट ठेवले. "मॅडम, ही आमची."

"खाली बटण आहे, ते दाबा."

त्यांनी दाबले. चैतालीचा आवाज माझ्या फाटक्या स्पीकरमधून खोलीभर झाला.

"आमचं वरचं खाचर वाकडंतिकडं हाय. बाई म्हणल्या, मोजून दाखव. मग मी त्याचे तुकडे पाडले. एक त्रिकोण केला, एक चौकोन केला, आन एक कोपरा उरला. त्यो कशातच बसंना. दोरी आमच्या आप्पांनी धरलेली. आप्पा सारखे हलत हुते, म्हणून उत्तर जरा चुकलं."

"हलत न्हवतो मी," हौशीराम मला म्हणाले. "चिखल हुता तितं."

नेमके तेव्हाच माझे चार्जिंग संपले. पुढचे मी पाहिलेले नाही. मॅडम दर नव्या वर्गाला सांगतात, म्हणून मला ते पाठ झाले आहे.

पडदा काळा झाल्यावर हौशीराम घाबरले. आपल्या हातून काही मोडले असे त्यांना वाटले. त्यांनी मला सदऱ्याच्या टोकाने पुसले, कानाला लावले, हलवले. सारिकाबाईंचा चेहरा उतरला. पवन सर म्हणाले, "मॅडम, अर्धवट ऐकलेल्याला मी मार्क कसे देऊ? तुमचा हा म्हातारा ऐन वेळेला झोपतो."

"चार्ज करून घेऊ," मॅडम म्हणाल्या.

"त्यो लवकर व्हायचा न्हाई," हौशीराम म्हणाले. मग ते जरा घुटमळले. खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. शेवटी त्यांनी आपला मोबाईल काढून टेबलावर ठेवला, आणि तो अर्धा तळहाताखाली झाकला. "ह्याच्यावर बगायचं का? सकाळीच काढला असता, पर तुमच्या हितं कॉलेजात कसा दाखवायचा म्हणलं."

त्याचे मागचे झाकण हरवलेले होते. बॅटरी पडू नये म्हणून त्याला दोन रबर गुंडाळले होते, दुधाच्या पिशवीच्या तोंडाला लावतात तसले. काचेला इतके तडे होते की माझा एकच तडा त्यापुढे शोभेचा वाटावा.

त्या मोबाईलवर गोल फिरू लागला. माझ्यावर फिरला त्यापेक्षा खूप जास्त वेळ फिरला. सारिकाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग डोंगर आला, खाचर आले, वेणी आली. हौशीरामांनी बटण दाबले आणि सगळ्यांनी पहिल्यापासून पुन्हा ऐकले. चिखलाच्या जागी ते पुन्हा म्हणाले, "चिखल हुता." आणि मग माझ्यावर राहून गेलेले वाक्य आले.

"उरलेला कोपरा मी बेडकांना देऊन टाकला. आप्पा म्हणले, चालंल, तितं तसंबी भात येत न्हाई."

पवन सरांनी या वेळी रुमाल धरला नाही, मोकळेपणी हसले. मग म्हणाले, "बाई, तुमच्या मांडणीचे सकाळचे मार्क मी खोडतो. आता वाढवून देतो." अनघा मॅडम हसल्या नाहीत. त्या रबर लावलेल्या मोबाईलकडे त्या पाहत होत्या. आपण खोक्यातून निवडलेल्या मोबाईलपेक्षा हळू मोबाईल कोणाकडे नसेल, असे त्या इतकी वर्षे धरून चालल्या होत्या. त्यांनी कागदावर लिहिले, 'पालकाच्या स्वतःच्या मोबाईलवर उघडले.'

मे महिन्यात, प्रमाणपत्र नेल्यानंतर काही दिवसांनी, सारिकाबाई भेटायला आल्या. तेव्हा मी पूर्ण चार्ज होऊन टेबलावर होतो. मॅडमनी विचारले, "आबा रागावले का?"

"हेडसर रागावले. माझ्याशी पंधरवडाभर बोलले नाहीत," बाई म्हणाल्या. "पण आबा कुठे वेबसाइट उघडतात? त्यांनी कारकुनाला सांगितलं, छापून आण. कारकुनाने 'कार्यक्रम'चं पान तेवढं छापलं. त्यावर पहिला फोटो आबांचाच. ते टेबलाच्या काचेखाली घालून ठेवलंय त्यांनी. मला म्हणाले, पोरी, काम चांगलं केलंस. कायम केल्याचं पत्र कालच दिलं."

दोघी पुष्कळ वेळ हसत होत्या.

मित्रांनो, त्या एप्रिलपासून रीत बदलली. आता पालकाने आपला स्वतःचा मोबाईल काढायचा असतो, कसाही असो. त्याला संकोच वाटू नये म्हणून मॅडम आधी मला टेबलावर ठेवतात. माझा तडा पाहिला की समोरच्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. माझ्यावर आता कोणी पास होत नाही की नापास होत नाही. परीक्षकाचे पद गेले, याचे पहिले काही दिवस मला वाईट वाटले. पण माझे काम मी करीत होतो ते दुसऱ्या कोणाच्या वतीने. तो दुसरा स्वतःच पुढे आला, तर मी बाजूला होणेच योग्य होते.

तुम्हीही उद्या काहीतरी तयार कराल. धडा, चित्र, वेबसाइट, नाही तर आणखी काही. ते मोठ्या पडद्यावर सुंदर दिसले की तेवढ्यावर खूश होऊ नका. ज्याच्यासाठी केले त्याच्या हातात ते एकदा देऊन पाहा, आणि तो केवळ तुमच्या प्रेमापोटी "झ्याक हाय" म्हणतो आहे का, तेही पाहा. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना खोक्यात टाकण्याआधी एकदा विचारा, अजून काही जमते का. पुष्कळांना जमते. फक्त पिन नीट धरणारा कोणीतरी लागतो.

त्या दिवशी निघताना हौशीरामांनी मला टेबलावरून उचलले होते. आपल्या मोबाईलचा एक रबर त्यांनी काढला, चार्जरची पिन माझ्यात बसवली, आणि पिनेसकट मला दोन वेढे घातले. "आता हलायची न्हाई," म्हणाले. स्वतःच्या मोबाईलची बॅटरी एका रबरावर सांभाळत ते कार्ल्याची बस धरायला गेले.

तो रबर अजून माझ्या अंगावर आहे. मॅडम चार्जर लावतात तेव्हा पिन खरोखरच हलत नाही.